कूलरच्या झाकणावरच्या ओळी

शनि., १३ सप्टें.

ग्लेनचा कूलर घरी आणला. मागच्या सीटवर पट्टा लावून, शेजारी गॅसचा छोटा सिलिंडर, त्यालाही पट्टा. ग्लेनच्या घरापासून आमचं गाव कॅरी पंचवीस मिनिटं. सगळा रस्ता उजव्या लेनमध्ये, पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागचे हॉर्न देत होते. देऊ देत.

ग्लेन माझा मॅनेजर. घरी बिअर करतो, हौस म्हणून. दर ऑक्टोबरात सगळ्या टीमला घरामागच्या हिरवळीवर बोलावतो आणि या कूलरमधून पाजतो. कूलरही त्यानेच बनवलाय. निळी मोठी बर्फाची पेटी, आत शंभरेक फूट स्टीलच्या नळीचं वेटोळं, पुढच्या अंगाला नळ. गॅसने पिंपातली बिअर ढकलायची, ती बर्फातल्या वेटोळ्यातून गार होत नळाला यायची. येतो तो फेस. गेल्या वर्षी माणसं ग्लास धरून उभी होती, फेस बसायची वाट बघत. मी ज्यूस पीत बघत होतो.

गुरुवारी मीटिंग संपल्यावर तो म्हणाला, यंदा हे सगळं फेकतो, कॅन आणतो. माझ्या तोंडून निघून गेलं, माझे वडील गोटी सोडा भरायचे, गॅसचं मला थोडं कळतं. चार वर्षांत कामाशिवाय त्याच्यासमोर बोललेलं हे बहुधा पहिलंच वाक्य. तो म्हणाला, मग घेऊन जा.

का बोललो.

बायको, सुनंदा, दारातच उभी होती. "पितृपक्षात नवी वस्तू घरात आणत नाहीत."

नवी नाही, जुनीच आहे. आणि आपली नाही.

"दारूची आहे ना पण?"

गॅरेजमध्ये ठेवला. देवघराची भिंत सोडून समोरच्या भिंतीला.

सोम., १५ सप्टें.

तारखा एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पूजेच्या वेळी डोक्यात फिरणार नाहीत.

व्हिसाची सहा वर्षं. त्यातली चार या महिनाअखेर संपतात. पुढे राहायचं तर ग्रीन कार्डाचं काम कंपनीने सुरू करायला हवं आणि त्याच्या तयारीलाच वर्ष जातं. आमच्याकडे मॅनेजर वर्षातून एकदाच नावं पाठवतात. यंदाची शेवटची तारीख शुक्र., १० ऑक्टो. या वेळी नाव गेलं नाही तर दोन वर्षांनी सामान बांधायचं. मुलगी कार्तिकी आता अकरावीत. तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात असेल.

गेल्या वर्षी माझं नाव गेलं नाही, कारण मी विचारलंच नाही. शेजारच्या टेबलावरच्या प्रशांतने विचारलं, त्याचं गेलं. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, नागपूरचा, कुणालाही काहीही विचारतो.

ऑगस्टमध्ये एका सकाळी टीममधले तिघे कमी केले. तेव्हापासून वाटतं, मी ग्लेनच्या दारात उभा राहिलो की त्याला आठवेल, अरे, हा एक आहेच अजून.

सु. म्हणते, कूलर परत देताना विचारा, आयती संधी आहे. तिचं बरोबर आहे. म्हणूनच कूलरची भीती वाटते. दुरुस्त झाला नाही तर कोणत्या तोंडाने विचारू.

शनि., २० सप्टें.

आज पेटी नीट उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला ग्लेनने मार्करने ओळी लिहून ठेवल्यात, दर वर्षाची एक. साल, गॅसचा दाब पौंडांत, आणि शेरा. पहिल्या वर्षी १८, फेस. मग १५, फेस. १२, फेस. १२, जास्त फेस. १०. गेल्या वर्षी ८, आणि शेऱ्याच्या जागी एक शिवी. सहा ओळी झाल्यात. खाली आणखी तीन मावतील, मग कंपनीचं लेबल लागतं.

नीट अक्षर आहे त्याचं. शाळेत गुरुजी फळ्याचा कोपरा आखून सुविचार लिहायचे, तसं.

कॉइल गरम पाण्याने धुतली. क्लॅम्प आवळले. एका जोडातून पाणी झिरपत होतं, वॉशर बदललं. पिंपाऐवजी पाण्याची टाकी लावून दाब ८ वर ठेवला. पाणी छान आलं, काचेसारखं. झालं, वॉशरच होतं असं म्हणून संध्याकाळी बेफिकीर जेवलो.

कार्तिकी म्हणाली, "बाबा, वॉटर डझन्ट फोम."

खरंच की.

सोम., २२ सप्टें.

घट बसले. परडीतली माती या वर्षी आमच्याच अंगणातली, लाल, घट्ट. सु.ने चाळून घेतली. दिवा लावला. नऊ दिवस तो विझू नये एवढीच काळजी असायची दर वर्षी. यंदा दुसरी आहे.

देवीआईपुढे बसलो. मागायचं ते लाजेचं वाटलं. देवीपुढे बसून मॅनेजरचं नाव कसं घ्यायचं.

बुध., २४ सप्टें.

ग्लेनने चाचणीसाठी भरलेलं पिंप दिलं. केग म्हणतो तो. माझ्या गाडीत स्वतः ठेवलं, वर हात आपटला, म्हणाला, फ्रिजमध्ये ठेव.

गॅरेजात आमचा दुसरा फ्रिज आहे. पण त्यात नवरात्राची फुलं, नैवेद्याचं दूध, खव्याचे पेढे, उपासाची भगर. सु.ला विचारलंसुद्धा नाही. विचारायची गोष्टच नव्हे ती. पिंप गवत कापायच्या मशीनशेजारी ठेवलं, वर जुनी चादर घातली. बाहेर अजून ब्याऐंशी फॅरनहाइट. म्हटलं, पुढे बर्फातून जाणारच आहे, गार होईल.

गाडीतून पिंप उतरवताना शेजारच्या काकू बघत होत्या. हसल्या. मीही हसलो. चादर आधीच आणायला हवी होती.

शनि., २७ सप्टें.

प्रशांत आला. मी पीत नाही, आमच्या घरात कुणीच नाही, मग चव घ्यायला कुणी तरी हवं. गॅरेजचं दार अर्धं खाली ओढून घेतलं, आतलं घराचं दार बंद. नवरात्राची सहावी माळ घरात आणि मी हे करतोय.

दाब ८. नळ उघडला. फेस.

ग्लासच्या बुडाशी बोटभर पिवळं, वर सगळं पांढरं. कमी करून ६ वर आणला. जास्त फेस. ४. आता नुसता फुसफुसाट, साबणाच्या पाण्यासारखा. बादली भरली.

प्रशांत खुर्चीवर बसून बघत होता. "भाऊ, हे काय बिअर हाय का? दाढी करायचं क्रीम हाय हे."

मग म्हणाला, "दाब वाढवून पाहा ना."

म्हटलं नाही.

"काहून?"

नळीला झेपणार नाही म्हटलं. खोटं. नळीवर साठपर्यंत चालेल असं लिहिलंय.

पेटीत नुसता बर्फ होता, त्यात पाणी ओत असं त्याने सुचवलं. बरोबर होतं, खड्यांच्या मधे हवा राहते, नळीला गारवा लागत नाही. पाणी ओतल्यावर थोडा फरक पडला. थोडाच.

जाताना त्याने विचारलं, "ग्लेनला विचारलं का नाही अजून? तेरा दिवस राहिले, यार. तुम्ही त्याच्या बिअरची सेवा करून राहिले अन् तो तुम्हाला ओळखत बी नाही."

ओळखतो, म्हटलं.

तो गेल्यावर झाकणावरच्या ओळी परत वाचल्या. १८, १५, १२, १२, १०, ८. त्याखाली मनात माझ्या घातल्या: ६, ४. तो जे सहा वर्षं करत आला तेच मी एका दुपारी केलं. फेस दिसला की दाब कमी करायचा.

रवि., २८ सप्टें. सकाळी

लिहून टाकतो, नाहीतर राहून जाईल.

मी बारावीला होतो. वडिलांच्या सोड्याच्या मशीनवर रविवारी मीच असायचो. पिंजऱ्यात बाटल्या लावायच्या, गॅसची चावी सोडायची, हँडल फिरवायचं, गोटी तोंडाशी बसली की बाटली काढायची. वडील त्या दिवशी जाळी न लावता वाकून बघत होते. मी चावी थोडी जास्त सोडली. यात्रा होती, घाई होती. एक बाटली फुटली. डावा डोळा गेला त्यांचा.

दादा, वडिलांना आम्ही दादाच म्हणतो, त्यावर मला कधी एक शब्द बोलले नाहीत. बत्तीस वर्षं झाली. मीही विचारलं नाही.

त्या दिवसापासून गॅसची कोणतीही चावी मला मोकळी फिरवता येत नाही. सु.ला वाटतं मी शेगडी जपून वापरतो.

त्याच दिवशी, नंतर

दादांना फोन केला, त्यांच्या संध्याकाळच्या वेळी. रोजचं झालं, पाऊस, भैरोबाच्या देवळाचं पत्र्याचं काम. मग म्हटलं, दादा, इथे एका माणसाचं सोड्याचं मशीन आहे, फेस फार येतो.

"पाणी गार हाय का भरताना?"

पुढे बर्फातून जातं.

"फुडं न्हवं. पिंप कुठं ठिवलंयस?"

बाहेर. गरम जागी.

"मग तितंच चुकलं. गरम पाण्यात गॅस बसत न्हाई, त्यो निघायला टपूनच असतोय. आन दाब किती?"

सांगितलं.

"नळी किती लांब?"

शंभर फूट.

"एवढी वाट, आन एवढासा दाब? आरं, दाबून धरला तर गॅस पाण्यात गप बसतोय. सैल सोडलास की त्यो वाटंतच बाहीर पडणार. वाढीव."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

मग ते म्हणाले, "सोडा एवढा फेस धरत न्हाई, बाळ. काय हाय ते?"

सांगितलं. माझ्या साहेबाची बिअर आहे. मी पीत नाही. साहेबाशी एक काम आहे.

"तू पीत न्हाईस ते मला म्हाईत हाय." हसले. दातांशिवायचं हसू फोनवरही कळतं. "साहेबाचं काम म्हणजे काम. मग वाढीव की. भ्या कसलं?"

आता मी गप्प. आणि त्यांना कळलं. मला वाटतं त्यांना पहिल्यापासूनच कळलं होतं.

म्हणाले, "ती बाटली गळ्यापाशी चिरलेली हुती. मी बघितली हुती सकाळीच. म्हटलं, आजच्या दिस चालंल. तुझी चावी बरोबर हुती."

मग रेंज गेली की त्यांनीच ठेवला, कळलं नाही. परत लावला तर उचलला नाही. वहिनीने उचलला, म्हणाली, मामंजी देवळात गेले.

बत्तीस वर्षं.

सोम., २९ सप्टें.

दादांचं सु.ला सांगितलं. फ्रिजचंही सांगितलं, म्हणजे मी का विचारलं नव्हतं ते. ती भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत.

"एवढे दिवस ते पिंप गरमीत आणि तुम्ही बर्फ ओतताय?"

फ्रिजमध्ये नैवेद्य आहे.

"आहे. मग?"

ती उठली. गॅरेजमध्ये गेली, फुलं, दूध, पेढे सगळं काढून स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये बसवलं, माझं दही बाहेर आलं. "देवाला गारवा लागत नाही. तुमच्या पिंपाला लागतो." मग गॅरेजचा फ्रिज ओल्या फडक्याने आतून पुसला. कशासाठी पुसतेस म्हटलं तर म्हणाली, "पाहुण्याचं आहे ना ते."

मधली जाळी काढल्यावर पिंप उभं बसलं. दार लागलं.

तिच्या नजरेला नजर दिली नाही मी. कृतज्ञ असलो की मला तसंच होतं.

मंगळ., ३० सप्टें.

पिंप रात्रभर फ्रिजमध्ये. ऑफिसातून आल्यावर दाब ८ वर तपासलं. फरक खूप. अर्धा ग्लास बिअर, अर्धा फेस. कारण एक सापडलं.

दुसरं माहीत आहे. रेग्युलेटरचा स्क्रू आत फिरवायचा, बस. पाना लावला. काटा १० वर गेला. १२. सोडून दिला, परत ८ वर आणला.

बाटली चिरलेली होती हे मला आता माहीत आहे. हाताला अजून माहीत नाही.

ऑफिसात आज ग्लेन कुणाशी तरी दार लावून तासभर बोलत होता. मग बाहेर येऊन माझ्या टेबलावरून गेला, म्हणाला, "हाऊज द पेशंट?" मी म्हटलं, सुधारतोय. तो हसला नाही. घाईत असेल.

बुध., १ ऑक्टो.

खंडेनवमी. गावाकडे सोड्याचं मशीनसुद्धा आज पुसून हळदीकुंकू लावून बंद ठेवायचे, यात्रा असली तरी. इथे माझा लॅपटॉप, सु.ची विळी, कार्तिकीचा कॅल्क्युलेटर, पाने, स्क्रू ड्रायव्हर, पाटावर मांडले.

तो रेग्युलेटरचा पानाही ठेवला. मग मनात आलं, कूलरचं काय. हत्यार आहे का ते? माझं आहे का? त्याच्यातून काय वाहतं? पाटाशी बसून राहिलो. सु. आली, कुंकवाचा करंडा घेतला, गॅरेजमध्ये जाऊन कूलरच्या कडेला एक बोट लावून आली.

"या पंधरवड्यात तुम्ही लॅपटॉपपेक्षा त्याच्यावरच जास्त राबलात," म्हणाली.

पूजेत ठेवलेलं हत्यार आज उचलायचं नाही. म्हणजे आज दाब वाढवता येणार नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्याचीच लाज वाटली. एक दिवस गेला. नऊ उरले.

गुरु., २ ऑक्टो. दसरा

सकाळी घट हलवले. धान चांगलं बोटभर उगवलं होतं, पिवळसर. एक तुरा कानावर ठेवून ऑफिसला गेलो, पार्किंगमध्ये काढून खिशात ठेवला.

संध्याकाळी उजेड होता तोवर गॅरेजमध्ये. सिलिंडरवर जुनी गोधडी गुंडाळली, दादा पिंजऱ्यावर गोणपाट टाकायचे तशी. तोंड बाजूला करून पाना फिरवला. पण गोधडीखाली काटा दिसेना. किती झाला कळायला गोधडी बाजूला करून तोंड जवळ न्यावं लागलं. न्यावंच लागतं. चष्मा काढून पुन्हा घातला.

१५. २०. देवीचं नाव घेतलं, मोठ्याने. २४. नळीतून बारीक किण् असा आवाज आला, थांबलो. तो बर्फाचा होता. २८.

नळ अर्धा उघडला. फेस. संपलं सगळं वाटलं.

मग आठवलं, मशीनवर दादा ओरडायचे, चावी अर्धवट धरू नको, एक तर बंद नाही तर सगळी. नळ पूर्ण ओढला. आधी एक पांढरा थुंका आला, आणि मग बिअर. सोनेरी, वर दोन बोटं फेस, ग्लास भरला तशी ती आपोआप थांबल्यासारखी झाली. म्हणजे मीच बंद केला. हात चालला.

सु. आणि कार्तिकी दारात उभ्या. कार्तिकीने फोटो काढला. "बाबा, यू आर क्राइंग?"

गॅसने डोळे चुरचुरतात म्हटलं.

पाच ग्लास भरले, पाचही तसेच. प्रशांतला फोटो पाठवला. उत्तर: 'भाऊ, आता तोंडाची तोटी पण पूर्ण उघडा.'

गॅस बंद करून ठेवला. एवढा दाब चालू राहिला तर बिअरच जास्त गॅस पिते.

शनि., ४ ऑक्टो.

ग्लेनकडचं जेवण. पिंप गाडीत बर्फ लावून नेलं, अर्धा तास हलू न देता ठेवलं, मग जोडलं. २८ बघून ग्लेन म्हणाला, "नो वे." त्याने हात पुढे केला कमी करायला. मी त्याचा हात धरला. मॅनेजरचा हात. सोडला लगेच.

पहिला ग्लास त्याला दिला. उजेडात धरून बघितला त्याने. माझ्या पाठीवर थाप मारली, ती जरा जोराची होती.

मग दिवसभर मीच नळाशी. न पिणारा माणूस सगळ्यांना पाजत होता. लोक माझं नाव विचारत होते, चार वर्षं एका मजल्यावर बसणारे. ग्लेनची बायको म्हणाली, सहा वर्षांत पहिल्यांदा तो पाहुण्यांत बसलाय, एरवी पेटीत डोकं घालून असायचा.

सु. लांबून बघत होती. डोळ्यांनी म्हणत होती, आता. दोनदा संधी आली. पहिल्या वेळी कुणी तरी ग्लास पुढे केला. दुसऱ्या वेळी तो एकटाच होता, माझ्याशेजारी, दोघेच. मी तोंड उघडलं. तोच म्हणाला, "वडिलांना सांग, थँक्स. लवकरच असशील ना त्यांच्याजवळ."

लवकरच.

नळ पुसत राहिलो.

कूलर धुवून द्यायला परत गाडीत घेतला. वाटेत सु.ने विचारलं, काय म्हणाला? तिला सांगितलं नाही.

सोम., ६ ऑक्टो.

लवकरच असशील. हे वाक्य मी शंभर बाजूंनी फिरवून पाहिलंय. त्याला कामावरून काढायच्यांची यादी माहीत आहे. यादीत मी आहे. निरोप द्यायचा तो माणूस असाच सहज देतो. किंवा काहीच नाही, बोलायचं म्हणून बोलला.

आज विचारणारच होतो. ग्लेन ऑफिसात नाही. अटलांटाला गेलाय, बुधवारी येणार.

कोजागरी. सु.ने दूध आटवलं. अंगणात बसलो तिघं. कार्तिकीला सगळं माहीत आहे, आम्ही सांगितलेलं नसूनही. म्हणाली, "जस्ट आस्क हिम, बाबा. वर्स्ट केस, ही सेज नो."

तिला वाईटातलं वाईट म्हणजे 'नाही' वाटतं. माझ्या वाईटाला तळ नाही.

बुध., ८ ऑक्टो.

विचारलं.

साडेदहाला त्याचं दार उघडं होतं. अर्धवट उभा राहिलो असतो तर परत फिरलो असतो, म्हणून आत जाऊन दार लावून घेतलं. त्याने मान वर केली, त्याचाच चेहरा घाबरला, मी राजीनामा देतोय असं वाटलं असणार.

पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, ग्लेन, ग्रीन कार्डाच्या यादीत माझं नाव टाक. शुक्रवारी शेवटची तारीख आहे. मुलगी अकरावीत आहे.

तो खुर्चीत मागे टेकला. म्हणाला, "तुला राहायचंय?"

हो.

"मला वाटलं तुला परत जायचंय. चार वर्षांत तू एकदाही काही मागितलं नाहीस. यंदा पहिल्यांदा बोललास तेही वडिलांबद्दल. गेल्या वर्षी मी तुझं नाव लिहिलं होतं. मग म्हटलं, काही मागत नाही, हा माणूस मनाने गावीच आहे, कशाला अडकवा. काढलं."

लिहिलं होतं. आणि काढलं.

टेबलावर त्याचं मार्कर होतं, ते तो उघडझाप करत होता. म्हणाला, नाव टाकतो, आजच. पण या वेळी वरचे लोक किती नावं ठेवतील ते माझ्या हातात नाही. ऑगस्टनंतर काहीच माझ्या हातात नाही. कंपनीकडून मेल आला तर समजायचं नाव राहिलं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत.

उठताना विचारलं, कूलर कधी आणून देऊ?

"तुझ्याकडेच राहू दे. पुढच्या ऑक्टोबरला आण."

प्रशांत बाहेर थांबला होता. माझा चेहरा बघून नुसतं पाणी आणून दिलं.

घरी सु.ला सगळं सांगितलं. गेल्या वर्षीचंही. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही गप्प बसलात ते त्याला ऐकू गेलं." मग देवापुढे दिवा लावायला गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

शुक्र., १० ऑक्टो.

प्रशांतच्या ओळखीच्या दुसऱ्या टीममधल्या एकाला दुपारी दोन वाजता मेल आला. मला नाही. ग्लेन दिवसभर फोनवर. एकदा काचेतून माझ्याकडे बघून त्याने हात वर केला. थांब, असा. किंवा नुसताच हॅलो.

साडेपाचला निघालो. उजव्या लेनने.

घरी आल्यावर गॅरेजमध्ये गेलो. कॉइल अजून धुवायची राहिली होती, शनिवारपासून तशीच. सोड्याच्या बाटल्या दादा यात्रेच्या रात्रीच धुवायचे, वाळल्या की वास धरतात म्हणून. गरम पाणी सोडलं, स्वच्छ येईपर्यंत चालवलं. नळ खोलून तेल लावलं. सिलिंडरची चावी बंद केली, नळीतला उरलेला गॅस सोडला. मोठा आवाज झाला. दचकलो. चावीवरचा हात काढला नाही.

काटा शून्यावर.

साडेसहाला दादांना लावला, तिकडे पहाटेचे चार, पण ते त्या वेळी उठलेलेच असतात. म्हटलं, फेस गेला. "जाणारच की," म्हणाले. आणि दुसरं काम, त्यांनी विचारलं. म्हटलं, अजून कळलं नाही. "हं," म्हणाले. मी म्हटलं, दादा, त्या दिवशी फोन ठेवलात. म्हणाले, "व्हय, ठिवला." एवढंच. पुरे आहे.

सु. चहा घेऊन आली. फोन माझ्या खिशात, दर दोन मिनिटांनी काढून बघत होतो, तिने काही म्हटलं नाही. ती पायरीवर बसली. सव्वासात.

झाकण उघडून ग्लेनच्या अक्षराखाली, त्याच्याइतकंच नीट, मार्करने सातवी ओळ लिहिली. साल. २८. शेऱ्याच्या जागी काय लिहावं सुचेना, मग लिहिलं, स्वच्छ. मराठीत. त्याला वाचता येणार नाही, सांगावं लागेल.

सु.ने वाकून पाहिलं. "पुढच्या वर्षाला जागा आहे?"

आहे म्हटलं. दोन ओळींची.

तिने त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं, शाई ओली आहे का बघतात तसं. मग झाकण मीच लावलं. फोन खिशात एकदा थरथरला. अजून काढला नाही. हे लिहून झालं की काढतो.